कड न आलेला शंख

वंदना गेल्याचं मला आधी तिच्या भाचीच्या फोनवरून कळलं, आणि तासाभरात तिच्या जुन्या विभागप्रमुखांच्या व्हॉट्सॲपवरून. ‘माझी गुणी विद्यार्थिनी हरपली. गोगलगायींची गोडी तिला मीच लावली...’ महिना झाला, ते वाक्य अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

वर्ध्याच्या एका कॉलेजात आम्ही दोघी तासिका तत्त्वावर शिकवायचो. मी मराठी, ती प्राणिशास्त्र. नालवाडीतल्या दोन खोल्यांत ती आईबरोबर राहायची. आईने हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये राबून तिला एम.एस्सी. केलेलं. सुट्टीच्या दिवशी वंदना आर्वीकडच्या एका खडकाळ टेकडीवर पालापाचोळा चाळत बसायची. तिथे तिला नखाएवढे, तांबूस पट्ट्याचे पाच रिकामे शंख मिळाले. कुठल्याच पुस्तकातल्या वर्णनाशी ते जुळेनात. नवीन जात असेल म्हणून तिने सहा महिने व्हर्निअरने त्यांची उंची-रुंदी घेतली, वेटोळी मोजली, भिंगाखाली धरून चित्रं काढली. वर्णन जवळपास लिहून झालं, पण शेवटचं पान काही पुरं होईना.

“अडलं काय?” मी विचारलं.

“शंखाच्या तोंडाची कड पातळ हाये गं. पूर्ण वाढलेल्या गोगलगायीची कड जाड होते, बाहेर वळते. हे पिल्लू असन तं?”

आमच्या विभागप्रमुख सरांना एवढा धीर नव्हता. त्यांनी डबी, वही, चित्रं सगळं मागून घेतलं. “तुमच्या नावाने कोण छापणार, मॅडम? माझ्या नावाने जाऊ द्या.” पाठवण्याआधी स्टाफरूममध्ये, माझ्यासमोर, त्यांनी तिला एकदाच विचारलं, “काही राहिलंय का यात?”

वंदना खिडकीबाहेर बघत म्हणाली, “नाई, सर.”

मला वाटलं, घाबरली. बाहेर टपरीवर चहा घेताना पाहते तर ती हसत होती. “कडेचं सांगतलं नाई मी त्याईले.”

लेख छापून आला. नव्या जातीला सरांनी स्वतःच्या वडिलांचं नाव दिलेलं. चित्रं वंदनाची, नाव कुठेच नाही; शेवटी ‘स्थानिक मदतनिसांचे आभार’. पुढच्या वर्षी तिला तासही मिळाले नाहीत. ती आर्वीच्या एका शाळेत लागली, रोज एसटीने जा-ये. आणि चार पावसाळे त्या टेकडीवरून जिवंत पिल्लं आणून तिने घरी मातीच्या कुंड्यांत वाढवली. कोबीची पानं घालायची, अंड्याची टरफलं चुरून घालायची. पिल्लं वाढली, पट्टा पुसट झाला, कड जाड होऊन बाहेर वळली... आणि निघाली ती बांधाबांधावर सापडणारी आपली साधी गोगलगाय. प्रत्येक टप्प्याचा शंख, फोटो, तारीख लावून तिने लेख पाठवला. एकटीच्या नावाने. त्यात सरांबद्दल एक वाकडा शब्द नव्हता. गरजच नव्हती.

मी तिला एकदा म्हटलंही, तेवढ्या काळात तुला खरोखरची नवी जात सापडली असती. “सापडली असती. पण मले हेच पाह्यजे होतं.” तिचं काय हरवलं, हे तिला माहीत होतं.

दवाखान्यातल्या शेवटच्या भेटीत मी म्हटलं, “आता तरी सोडून दे ना.”

“काऊन सोडू? त्याईनं माफी मांगतली काय?”

शोकसभेला सर हार घेऊन आले. वंदनाचं पहिलं संशोधन आपल्या हाताखाली कसं झालं, ते माईकवरून सांगू लागले. मी उभी राहिले. “सर, त्या शंखाची कड कशी होती, तेही सांगा.” त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, तो बराच वेळ तोंडाशी धरून ठेवला. मग चहासाठी न थांबता निघून गेले. शोकसभेत असं बोलू नये, असं दोघा-तिघांनी मला सुनावलं. मला लाज वाटली नाही, अजूनही वाटत नाही.

प्राणिशास्त्रात चुकलेलं नाव खोडत नाहीत, हे मला वंदनाच्या भाचीने परवा दाखवलं. जगभरच्या गोगलगायींची एक यादी आहे. तिच्यात आपल्या त्या साध्या गोगलगायीच्या नावाखाली बारीक अक्षरांत सरांच्या वडिलांचं नाव, सरांचं आडनाव, साल, आणि पुढे ‘ग्राह्य नाही’. आधार म्हणून वंदनाचा लेख. सर जातील, मी जाईन, ती ओळ राहील.

हल्ली सकाळचा चहा झाला की मी फोनवर ती यादी उघडते. ओळ जागेवर आहे ना, बघते.

असते.