वैनीचं नाक

फोन आला तेव्हा मी शहापूरच्या बाजारात लसूण निवडत होते. पुतण्या म्हणाला, "काकी, आई गेली." मी चिडूनच विचारलं, "गेली म्हंजे कुठं गेली? उद्या आसनगावची आर्डर हाय ना?" पलीकडून हुंदका आला, तेव्हा कळलं. हृदय थांबलं होतं. चहाचा कप हातात होता म्हणे... न सांगता निघून जायची तिची खोड शेवटपर्यंत गेली नाही.

सुमनवैनी माझी थोरली जाऊ. मुरबाडकडच्या आमच्या गावात दोघींची घरं भिंतीला भिंत लावून. साखरपुडे, बारशी, हळदी यांचा नाश्ता आम्ही दोघी करत असू. बटाटेवडे, लसणीची भजी, कोथिंबीर वडी, तिखट शेव. तिच्या फोडणीची लसूण कधी कच्ची नाही, कधी करपलेली नाही. पण झारा मला धरू द्यायची नाही, प्रमाण विचारलं तर "अंदाज" म्हणायची, आणि नंतर नंतर तर दर पाच मिनिटांनी हाक, "रंजू, ये गो, जरा हुंग." फोडणी हुंग, पीठ हुंग, कालचं तेल हुंग. पंचवीस वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईला माझं नाक कशाला लागतं? ही माझी परीक्षा घेते, असं वाटून मी आतल्या आत धुमसायची. "आली का खमंग?" "आली." "नीट हुंग. तुला घाई लय."

मग सिद्धगडाखालच्या एका गावात साखरपुडा होता. आदल्या दिवशी सोललेली लसूण मी भर उन्हाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली, ही चूक माझीच. त्या दिवशी तिच्या हाकांना कंटाळून मी मुद्दाम विहिरीवर भांडी घासत बसले. परत आले तर दारातच भपकारा. वैनीनं ती कुजकी लसूण वाटून सगळ्या बटाट्यात कालवली होती आणि शांतपणे गोळे वळत होती.

"वैनी, सडलंय हे!"

तिनं हातातला गोळा नाकाशी धरला. बराच वेळ धरला. मग खाली ठेवला आणि उपड्या पातेल्यावर बसली.

"तापानंतर वास गेला, रंजू. तीन वरसं झाली."

तीन वर्षं! मी कपाळावर हात मारला. "मला सांगायला काय झालं होतं?"

"लोकांना कळलं तर कोण आर्डर देल? आनि तू होतीस ना."

रडायलाही वेळ नव्हता. सगळं सारण टाकलं, पुन्हा बटाटे उकडायला लावले. मी वरच्या पाड्यावर घरोघरी जाऊन मूठ मूठ गावठी लसूण मागून आणली. बारीक पाकळ्या, सोलता सोलता नखं सोलली. वडे तासभर उशिरा गेले. नवरीचे मामा तणतणत आले, "एवढा टाइम?" वैनी झारा न थांबवता म्हणाली, "काय करू? हिचं नाक मंद. लसूण बिघडलेली हिला कळलीच नाय." मी मान खाली घालून गोळे वळत राहिले. खरं सांगितलं असतं तर तिचा धंदा तिथेच संपला असता. घरी येताना टेम्पोत मात्र तिच्याकडे पाठ करून बसले. ती आपली मजेत, "वडे झकास झाले ना गो?" तेव्हापासून गेली चार वर्षं तालुकाभर मी मंद नाकाची म्हणून प्रसिद्ध आहे.

तेरावं झाल्यावर वैनीची सून म्हणाली, "काकी, मसाल्यांचं तुमीच बघा." फडताळ उघडलं. डब्यांच्या गळ्याला रंगीत दोरे बांधलेले. धने पूड आणि जिरे पूड, जुना मसाला आणि नवा, दिसायला सारखं म्हणून वैनीनं खुणा केल्या होत्या. मी नसताना कसं निभवायचं, याची सगळी सोय. आणि लाल कशाचा, पिवळा कशाचा, हे नेहमीप्रमाणे कुणालाही सांगितलेलं नाही! मी तिच्या नावानं बोटं मोडत खाली बसले आणि एकेक डबा उघडून हुंगू लागले. सूनबाई म्हणाली, "दोरे काढून टाकू का?"

"हात लावशील तर बघ," मी म्हणाले.