मालक नावाचा तुकडा

आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढलो, आणि हे सांगताना मी लाजत नाही. ओतूरला खताच्या दुकानावरच्या माडीवर आमचं ऑफिस. ट्रॅक्टर भाड्याने मिळवून देणारं ॲप आम्ही तिघं चालवायचो: साहेब, मी आणि अवसरीहून येणारी एक नवी मुलगी.

सर्व्हरकडून माहिती हवी तर काय काय हवं ते क्वेरीत ओळीओळीने मागावं लागतं. ट्रॅक्टरवाल्याचं नाव, गाव, हे प्रत्येक पानाला लागायचं. दर वेळी तेच कोण लिहीत बसणार? मी कोडचा तेवढा तुकडा एकदाच लिहिला, त्याला 'मालक' नाव दिलं. लागेल तिथे नुसतं नाव घालायचं. या तुकड्याचा मला लई अभिमान होता.

एका सोमवारी राजुरीची एक बाई जिना चढून आली. अनुदानासाठी ट्रॅक्टर तिच्या नावावर, म्हणून ॲपवर फोन नंबरही तिचाच.

"भाऊ, ट्रॅक्टर माझा हाय, पण नांगरायला मी येत न्हाई. माझा नंबर गावभर कुणी वाटला? एक जण तर रोज इचारतो, जेवलात का!"

बुकिंग पक्कं झाल्याशिवाय नंबर दाखवायचा नाही, हा आमचा नियम. मग बाहेर गेला कसा? माझी नजर नव्या मुलीकडे गेली. तिच्या मामाचे मंचरला ट्रॅक्टर. फोन कायम उपडा ठेवलेला. आठवड्यापूर्वीच तिने मालकांची यादी कुठे असते ते विचारलं होतं. मी साहेबांच्या कानावर घातलं. दुपारी तिचा पासवर्ड बंद झाला.

"चोर म्हणायचं तर तोंडावर म्हणा की, दादा," ती म्हणाली. मग स्वतःच्या फोनवर गिऱ्हाईक म्हणून ॲप उघडलं. आम्ही ते कधी तसं उघडलंच नव्हतं. यादीत प्रत्येक नावाखाली नंबर.

कोडमधला शेवटचा बदल कुणाचा ते नोंदलेलं असतं. माझाच होता. बुकिंगच्या पानाला नंबर हवा म्हणून मी नंबरची ओळ 'मालक'मध्येच घातली होती, आणि तो तुकडा जिथे जिथे होता तिथे तिथे नंबर पोचला.

साहेबांना मीच सांगितलं. तिचा पासवर्ड परत सुरू झाला. आता माझा प्रत्येक बदल आधी ती वाचते. एकेका ओळीवर बोट ठेवून विचारते, "ही कुणाला दिसणार?" माफी मागून झाली, तरी बोट काही उचलत नाही.