पडलेला आंबा वेगळा ठेवायचा

आमच्या पॅकिंगच्या शेडमध्ये एक नियम आहे आणि तो माझ्या नवऱ्याने घालून दिलेला आहे. झेल्यातून, म्हणजे आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीतून, निसटून जमिनीवर आलेला आंबा पेटीत भरायचा नाही. खरचटलेला नसू दे, देठ शाबूत असू दे, अगदी गवतात पडलेला असू दे, तो दाराजवळच्या काळ्या क्रेटमध्ये, कॅनिंगला. नवीन गडी हमखास विचारतो, याला कुठे काय झालंय? त्यावर नवरा म्हणायचा, "आज काय दिसायचं नाही. चार दिवसांनी काप नि बघ." चार दिवसांनी आत काळपट, पाणचट डाग निघायचा. हे मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत आले आणि वर अठ्ठावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. ऐन वेळेला यातलं काहीही मला आठवलं नाही, याची अजून शिसारी येते.

दोन वर्षांपूर्वी, ऐन हंगामात, नवरा आंब्याच्या कलमावरून खाली आला. फांदी मोडली नाही, पाय सटकला. खाली पातेरा होता, सुक्या पानांचा चांगला हातभर थर, त्यामुळे डोक्याला साधं टेंगूळही आलं नाही. दोन-तीन मिनिटं त्याने डोळे उघडले नाहीत. मग उठून बसला आणि विचारलं, "झेला खंय गेला?" सगळे हसले. मीही हसले.

दवाखान्यात स्कॅन झाला. डॉक्टर नीट सांगत होते की रक्तस्राव नाही, पण या स्कॅनमध्ये सगळंच दिसतं असं नाही, महिनाभर विश्रांती द्या, वागण्यात फरक वाटला तर लगेच घेऊन या. यातलं 'रक्तस्राव नाही' एवढंच घेऊन आम्ही घरी आलो.

मग माणसं यायला लागली. मालगुंडची नणंद आली, पलीकडच्या वाडीतले आले, कोणाकोणाचे मेहुणे आले. येणारा प्रत्येक जण त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघायचा, जखम सापडली नाही की जरा हिरमुसायचा आणि आमरसाची वाटी पुढे ओढायचा. "दिसतो तर ठणठणीत," असं भरल्या तोंडाने म्हणायचे सगळे. हनुवटीवर रस, बोटांवर रस, आणि शेजारच्या खुर्चीत हा माणूस मिक्सरच्या आवाजाने कानांवर हात ठेवून बसलेला. मला तेव्हाच उठून वाट्या काढून घ्यायला हव्या होत्या. मी वाढत राहिले.

तो दिवसभर झोपायचा. चमच्याला 'ते, हे' म्हणायचा आणि शब्द सापडला नाही की पोळी तशीच ठेवून उठायचा. दीर ओसरीवर पाय पसरून म्हणाला, "वहिनी, दादाक् काय झालेला नाय. रिपोर्ट क्लीन हा ना? उगाच लाड करतंस." खरं सांगायचं तर मला ते पटलं होतं. माणसं कमी होती, माल झाडावर होता, आणि धडधाकट दिसणारा नवरा अंथरुणात पडून होता.

चौथ्या दिवशी मीच त्याला शेडमध्ये बसवलं. म्हटलं, बसल्या बसल्या आंबे तरी निवडा. दुपारी बघते तर दाराजवळचं काळं क्रेट रिकामं. पडलेले सगळे आंबे त्याने नीट पुसून, पेंढ्यात घालून, पेट्यांमध्ये भरले होते. ज्याने नियम केला त्याने. सात-आठ माणसांसमोर मी म्हणाले, "अहो, पुरे झाली ही सोंगं. रिपोर्टात काही नाहीये तुमच्या."

त्याने माझ्याकडे बघितलं. वर्गात उत्तर येत असून न देणारी मुलं मी पाहिली आहेत आणि खरोखर उत्तर न येणारीही पाहिली आहेत. दोन्ही नजरा मला ओळखता येतात. त्या दिवशीची दुसरी होती, हे मला कळलं होतं, तरी मी पेट्या उलट्या करून पुन्हा भरायला लावल्या.

तीन आठवड्यांनी घाट चढून कोल्हापूरला गेलो, तेव्हा मोठ्या तपासणीत मेंदूतली इजा दिसली. तिथले डॉक्टर शांतपणे समजावत होते. मेंदूतले लांब तंतू हळू ताणले तर ताणतात आणि पुन्हा जागेवर येतात. झटका बसला तर तेच तंतू कडक होतात. त्यांच्या आत सूक्ष्म नळ्या असतात, पेशीचा माल त्यांवरून पुढे जातो, त्या मोडतात. माल एका जागी तुंबतो, तंतू तिथे फुगतो आणि तिथेच तुटतो. पडताक्षणी नाही, तर पुढच्या काही तासांत, काही दिवसांत. कवटीला ओरखडा नसतानाही. मी फळ्यावर चेतापेशीची आकृती किती वेळा काढली असेल, शेपटीसारखा लांब तंतू खडूच्या एका फटकाऱ्यात ओढायचे आणि पुढे जायचे.

मी विचारलं, तेव्हाच झोपू दिलं असतं तर वाचले असते का हे तंतू? ते म्हणाले, सांगता येत नाही. मला फटकारलं असतं तर बरं झालं असतं.

आता मी आंबा खात नाही. क्रेटमधला तो आंबूस वास, त्यावर घोंघावणारी चिलटं, हाताला लागणारा चिकटा, सगळ्याची किळस येते. दीर अजून येतो, अजून ओसरीवर पाय पसरतो, आणि आता म्हणतो, "माका तेव्हाच वाटला होता." मी त्याला चहा देते; त्याच्यापेक्षा मी निराळी वागले असं मला म्हणता येत नाही.

नवरा शेडमध्ये येऊन बसतो. पडल्याचं त्याला आठवत नाही, पेट्यांचं आठवत नाही, मुलीच्या लग्नातलं निम्मं गेलं. परवा मी कात्री मागितली. तो फळीसमोर हात उचलून उभा राहिला. मी गप्प राहिले, आता मला तेवढं जमतं. बऱ्याच वेळाने तो वळला आणि अजिबात न रागावता म्हणाला, "सोंग नाय गो करत मी."

अडला की दर वेळी तो हेच म्हणतो. एवढंच टिकलंय. परवा मी धीर करून विचारलं, "असं कोण म्हणालं तुम्हाला?"

त्याने खूप वेळ आठवून बघितलं. "कोणतरी म्हणालं होतं," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघत राहिला, मला ठाऊक असेल म्हणून.

मी फळीवरची कात्री काढली आणि सुतळी कापायला बसले.