चुकलेलं वडगाव

दिवसभर लोकांना विचारायचं, "जवळ कुणी नसताना आवाज ऐकू येतात का?" आणि संध्याकाळी हातपाय धुऊन स्वतः देवापुढे बोलत बसायचं, हे अलीकडे माझ्याच्यानं होईनासं झालं होतं. मी मानसिक आजारांच्या कामात आहे. कुणी बिथरलं, कुणी जिवाचं बरंवाईट करायला निघालं की गावातून फोन येतो आणि कराडहून आमची गाडी निघते. गाडीत मी, ज्योती सिस्टर आणि चालवायला तानाजीमामा. आमचं कुलदैवत पालीचा खंडोबा. लहानपणापासून मी त्याच्याशी मनातल्या मनात बोलत आले. पण "देव माझ्याशी बोलतो" असं इतक्या जणांनी मला सांगितलं आणि त्यातल्या इतक्यांना मी औषधं सुरू करून दिली, की माझ्या स्वतःच्या बोलण्याचं काय करायचं ते कळेना. श्रद्धा गेली म्हणावं तर तसंही नव्हतं. घरातच ठेवलेली वस्तू हाताला लागू नये, तसं काहीसं झालं होतं.

त्या दिवशी दुपारी फोन आला तो तुटक तुटक. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या कुणी आशाताई बोलत होत्या. वडगावात कुणीतरी फार बिथरलंय, लवकर या, एवढंच कळलं आणि फोन बंद पडला. परत लावला तर लागेना. आमच्या भागात वडगावं किती आहेत, ते इथल्या माणसाला सांगायला नको. तानाजीमामा म्हणाले, मागच्या महिन्यात गेलो होतो तेच असणार. मलाही तसंच वाटलं. ऊस मागे पडला, विट्याच्या बाजूचं उघडं माळरान सुरू झालं, तरी फोन दुसऱ्याच एखाद्या वडगावचा असेल, अशी शंका आम्हा तिघांपैकी कुणालाही आली नाही. याचं मला अजून नवल वाटतं.

गावाच्या अलीकडे एक मेंढपाळ उभा होता. इथं कुणाला बरं नाही का, फोन आला होता, असं मी विचारलं. तो म्हणाला, "आक्काकडं व्हय? जावा की, त्या लिंबाखालच्या घराला. सकाळी आपली शेरडं मलाच दिऊन टाकली तिनं. पैसं घी म्हनलं तर न्हाई म्हनली. लय गप गप हाय." आपली जीव लावलेली जनावरं माणूस एका सकाळी सहज देऊन टाकत नाही. आमच्या कामात असल्या गोष्टींकडे फार बारकाईनं बघावं लागतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत साठीकडे झुकलेली एक बाई न्हाऊन, धुवट लुगडं नेसून भिंतीला टेकून बसली होती. अंगण झाडलेलं, भांडी पालथी घातलेली, चूल सारवलेली. माझ्याकडे बघून ती जरासुद्धा दचकली नाही.

"आलासा?" ती म्हणाली. "बसा."

"मावशी, तुम्ही आमची वाट बघत होता?"

"तुमचीच असं न्हाई. देवाला म्हनलं व्हतं, आज मी जायाचं ठरवलंय. तुला नगं असंल तर कुनालातरी धाड. न्हाई धाडलंस तर मला दोस दिऊ नगंस."

मी माझे नेहमीचे प्रश्न एकेक करून विचारले. तिला आवाज ऐकू येत नव्हते. भास नव्हता, भ्रम नव्हता. नवरा गेल्यापासून झोप नाही, जेवण जात नाही, एकुलता मुलगा दूर दक्षिणेत सोनंचांदी गाळायच्या, गलाईच्या कामाला. तिचं दुखणं मला समोर स्पष्ट दिसत होतं. पण ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती, ती नजर मला पेलवेना. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. तिनं माझा हात धरला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. त्याच आशाताई. "म्याडम, कुठं हायसा? कवापासनं वाट बघतोय! पोरगं हातात ऱ्हाईना झालंय." पोरगं? मग खुणा विचारल्या आणि कळलं, की ते वडगाव नदीकाठचं, आम्ही सोडून आलो त्या बाजूचं. तिथे एक कॉलेजातला मुलगा सारखा रस्त्यावर धावत होता. आणि इथून कुणीही, कधीही, आम्हाला फोन केलेला नव्हता.

ज्यांनी बोलावलं ते ताटकळलेले, आणि जिनं बोलावलंच नाही तिच्या दारात आम्ही. कुणाकडे जायचं? कितीतरी दिवसांनी तोंडातून आपोआप "खंडेराया" निघालं. उत्तर काही आलं नाही. हे मी अगदी खरं सांगते, काहीच ऐकू आलं नाही, काही सुचलंही नाही. फक्त मावशीची माझ्या हातावरची पकड सैल होत नव्हती. म्हणून मी थांबले. ज्योती सिस्टर आणि मामांना गाडी घेऊन तिकडे पाठवलं.

दुपार सरेपर्यंत आम्ही दोघीच होतो. मावशी थोडं बोलली, मग हमसून हमसून रडली. मी तिच्या मुलाला फोन लावून दिला. तो पलीकडून "आये, आये" एवढंच म्हणत राहिला. मग कोपऱ्यावर राहणारी मावशीची जाऊ आली, ती रात्री सोबतीला राहायला तयार झाली. माझं अर्धं मन मात्र सारखं नदीकाठी धावत होतं. त्या मुलाला काही झालं असतं तर? शेवटी सिस्टरचा फोन आला. रस्त्यातूनच सिस्टर आशाताईंना फोनवर काय करायचं ते सांगत गेल्या होत्या. मुलाच्या चुलत्यानं त्याला पोटाशी धरून शेजाऱ्याच्या गाडीत बसवलं आणि आमची गाडी पोचायच्या आधीच त्याला दवाखान्यात नेलं होतं. मी भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले.

पुढे मावशीचे उपचार सुरू झाले, मुलगा रजा काढून येऊन राहिला, तिला झोप लागू लागली. माझा गोंधळ मात्र वाढला. लोक म्हणत, देवानंच तुम्हाला पाठवलं. मग नदीकाठच्या माणसांना ताटकळत ठेवलं तेही त्यानंच का? तो मुलगा वाचला नसता तर मी याला कृपा म्हटलं असतं? रात्री अंथरुणावर पडलं की हेच मनात घोळे. शिवाय मावशीला खरं काय ते मी अजून सांगितलंच नव्हतं. सांगावं तर तिचा आधार सुटेल, न सांगावं तर मी देवाच्या नावावर लबाडी करतेय, असं वाटे.

शेवटी एकदा तपासणीला गेले तेव्हा राहवलं नाही. "मावशी, त्या दिवशी आम्हाला तुमच्याकडे यायचंच नव्हतं. आम्ही गाव चुकलो होतो."

तिनं एक मोठा श्वास सोडला.

"लय बरं झालं बाई, सांगितलंसा. मला घोर लागला व्हता. मुद्दाम मानूस धाडलं म्हंजी आता देव माझ्याकडनं कायतरी मोठं मागनार. तीर्थ कर म्हनंल, अन्नदान कर म्हनंल. मला कुठलं जमतंय? चुकून आलासा तर ब्येस झालं. आता मी आपली साधी जगते." आणि ती चक्क हसली.

तिचं ते हसू मी कधी विसरणार नाही. कुणी पाठवलं, का पाठवलं, त्याचा अर्थ काय, या प्रश्नांनी मी स्वतःला शिणवून घेतलं होतं. तिनं मात्र पदरात पडलेलं निमूट घेतलं होतं, आणि ते परत फेडायचं नाही एवढं कळताच तिचा जीव भांड्यात पडला होता. प्रश्न माझे एकाही अंगानं सुटले नाहीत, आजही सुटलेले नाहीत. पण ते सुटल्याशिवाय हात जोडता येत नाहीत, ही माझी समजूत तिच्या ओसरीवरच गळून पडली. निघताना मी तिच्याच देव्हाऱ्यापुढे क्षणभर उभी राहिले. काही मागितलं नाही, काही विचारलंही नाही. "तुझं तुला ठाऊक" एवढंच म्हटलं, आणि पायांत चपला घातल्या.