दारात चूल मांडणारी बायजाअक्का

बायजाअक्का गोदामाच्या ऐन दारात चूल मांडायची. आत जागा नव्हती म्हणून नव्हे. नगरपालिकेच्या साहेबाला आत शिरायचं तर तिच्या तापल्या तव्याला वळसा घालावा लागे, म्हणून.

धुळ्यात पांझरेच्या काठी कापसाचं ते गोदाम कित्येक वर्षं ओस पडलं होतं. युद्धाच्या दिवसांत आम्हाला गिरणीत काम मिळालं, पण गावात खोली मिळेना. तेव्हा पिंपळनेरकडून आलेल्या या विधवेनं दाराची फळी उचकटली आणि तिच्यामागून आम्ही दहा-बारा कुटुंबं आत शिरलो. मधे गोणपाट बांधून घरं केली. तिच्या शेजारच्या गोणपाटाआड मी, माझी बायको आणि आमची लेक.

एक दिवस नगरपालिकेचा अधिकारी आला. म्हणाला, “इथे रोगराई आहे. जागा रिकामी करा.”

अक्का भाकरी थापतच म्हणाली, “आम्हले काढीसन रोगराई जाई का? नळ द्या ना, साहेब.”

त्यानं होता तो रस्त्यावरचा नळही बंद केला. बायका नदीच्या वाळूत खड्डे खणून गढूळ पाणी आणू लागल्या. त्याच उन्हाळ्यात माझी लेक हगवणीनं गेली. तो अधिकारी पुन्हा आला आणि मला, बापाला, म्हणाला, “सांगितलं होतं ना, जागा रोगट आहे!”

अक्का उठली. “पानी तुम्ही तोडं, पोर तुम्ही मारी, आनि नाव आमनी जागानं?”

पुढच्या पावसाळ्यात आम्ही कामावर असताना नगरपालिकेच्या माणसांनी छपराचे पत्रे उतरवले. अक्का आत एकटीच होती. “पत्रा लई जा. मी उठाव नही,” म्हणाली आणि भर पावसात बसून राहिली. संध्याकाळी बायकांनी नगरपालिकेच्या आवारात घुसून पत्रे डोक्यावरून परत आणले. पण अक्काच्या छातीत सर्दी भरली, ती उतरलीच नाही.

आम्ही तिला मसणात पोहोचवायला गेलो, तेवढा वेळ साधून पोलिसांनी गोदाम खाली केलं. परतलो तर आमची भांडी, अंथरुणं रस्त्यावर भिजत होती.

इतक्या घाईनं मोकळ्या केलेल्या त्या जागेवर पुढे कुणी एक वीट रचली नाही. तिथे बाभळी माजल्या आहेत. तिथून जाताना अजून माझे दात आवळले जातात.