सुलाबाईची भिंत

भामाबाई आणि हरिबा यांच्या अंगणांमधली भिंत सामाईक होती, म्हणजे दोघांची होती आणि कुणाचीच नव्हती. पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात तिची पार रया गेलेली. बुडाला लोणा लागून माती रोज ओंजळ-ओंजळ गळायची. आणि हरिबा? तो त्याच भिंतीच्या कुशीला, पत्र्याच्या पडवीत खाटेवर पडून भिंतीकडं बघत राहायचा! मिरगाच्या आधी लिंपली नाही तर ती थेट त्याच्या उरावर येणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. भामाबाईच्या जिवाला त्याचाच घोर लागलेला.

तिनं पांढरी माती आणली, भुसकट घालून भिजत टाकली. माती आंबून चिकट झाली, पण हरिबा हात लावू देईना.

"आवं भावजी, भिताडाखाली मरायचं हाय का?"

"मरंन की. पर वैनी, ह्याच्यावर आमच्या सुलाचा हात हाय. त्यो मी लिंपू देनार न्हाई."

सुलाबाई त्याची बायको. जाऊन बरीच वर्षं झालेली. हरिबा तरणा होता तेव्हा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा, तो वळवाच्या सुमाराला परतायचा. एका साली परतला तर भिंत नवी कोरी लिंपलेली आणि मातीत बोटांच्या कमानी उठलेल्या, एकीत एक गुंतलेल्या. तेव्हापासून त्याला त्यांचं वेड. दुपारी पत्र्याच्या भोकातून कवडसा पडला की त्या कमानी हलायच्या म्हणे. कधी मेंढरं घाट उतरायची, कधी ओढ्याला पाणी यायचं, आणि त्या पाण्यात सुला उभी राहायची, पदर खोचलेली, कोपरापर्यंत चिखल. हरिबा तिच्याशी बोलायचासुद्धा. भिंतीपलीकडं भामाबाई ते ऐकायची आणि तिची भाकरी तव्यावर करपायची.

कारण त्या साली सुलाबाई तापानं अंथरुणाला खिळली होती. दोन्ही अंगांनी भिंत लिंपली होती ती भामाबाईनं.

आज मात्र तिच्या डोक्यात तिडीक गेली. कसला सुलाचा हात! एका वाक्यात काम होणार होतं. ती तरातरा पडवीत शिरली.

"ऐका भावजी, त्या साली..."

"हिकडं या आदी," हरिबा हरखून म्हणाला. "ही करंगळी बघा. समद्या कमानीत वाकडी. अशी करंगळी साऱ्या कोरेगाव भागात दुसऱ्या कुनाची असंल का?"

भामाबाईची करंगळी लहानपणी उंब्रजला उसाच्या चरकात सापडली होती. जन्माचा शेजार, ह्याच हातानं त्याला ताक दिलं, कोरड्यास दिलं, आणि ह्या बाबाला पत्ता नाही! तिला हसू आलं आणि रडूही. मग तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. लय सुखात होता गडी. तिनं हात पदराखाली घेतला.

"न्हाई," ती म्हणाली. "कुनाची न्हाई. तेवढा वरचा तुकडा ऱ्हाऊ दे तसाच. बूड तरी लिंपू द्या."

हरिबा राजी झाला. दोघांनी मिळून माती तुडवली. मग भामाबाई दिवसभर लिंपत गेली, करंगळी तळहाताशी घट्ट दुमडून.

ऊन उतरल्यावर हरिबानं लांब उभं राहून जुनं आणि नवं दोन्ही न्याहाळलं.

"बरं झालंय, वैनी. पर सुलाच्या हाताची सर न्हाई."

"कुठनं यायची?" भामाबाई म्हणाली आणि हात धुवायला गेली.