जेलिंदोने भाजलेली जुडी

ब्रेंता नदीकाठच्या आमच्या गावात भाजीसाठी लावतात त्या पांढऱ्या शतावरीचं जमिनीखालचं जेलिंदोला ठाऊक नाही असं काही नव्हतं. जमिनीवर आल्यावर तिचं पुढे काय होतं, याच्याशी मात्र त्याने कधी मतलब ठेवला नाही. पहाटेच्या धुक्यात वाफ्यांवर वाकून तो मातीला गेलेली केसभर भेग शोधायचा. भेग दिसली की समजायचं, खाली कोंब उजेड बघायला निघालाय. उजेड दिसायच्या आत त्याला काढायचा, नाहीतर शेंडा जांभळा पडतो. पन्नास वर्षं हेच केलं. लोक म्हणायचे, हा मातीशी बोलतो. साफ खोटं. तो नुसता ऐकायचा, आणि ऐकता ऐकता हरवायचा. एकदा असा हरवला की स्वतःच्या साखरपुड्याला दीड तास उशिरा पोचला, तोही मातीच्या हातांनी. इनेसने त्या हातांकडे बघितलं आणि अंगठीआधी साबण दिला.

ही इनेस वरच्या डोंगरातली, दुधाचीजाच्या मुलखातली. आमच्या गावात शतावरी एकाच रीतीने खातात. जुडी उभी उकडायची, उकडलेलं अंडं कुस्करून त्यात तेल, व्हिनेगर आणि मीठ घालायचं, की झालं. इनेस मात्र पांढरा सॉस आणि चीज घालून ती ओव्हनमध्ये भाजायची. बायका नाकं मुरडायच्या, आणि ताट पुढे आलं की दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या. जेलिंदोने सेहेचाळीस वर्षं ती खाल्ली. शिजताना एकदाही पाहिली नाही. तेव्हा तो वाफ्यात असायचा.

फेब्रुवारीत इनेस गेली. मार्चमध्ये जेलिंदोने गॅसवर दूध ठेवलं आणि खिडकीतून धुकं बघत बसला. पातेल्याचं बूड जळून काळं झालं आणि नेमक्या त्याच दिवशी मुलगी ओरिएत्ता पादोव्हाहून आलेली. पुढच्या आठवड्यात तिने शहरात स्वतःच्या घराखालच्या दोन खोल्या बापासाठी बघितल्या. तिसरा मजला, लिफ्ट, खाली दवाखाना. सगळं सोयीचं, फक्त माती नाही. बापाने तेरा जूनपर्यंत मुदत मागितली. त्या दिवशी आमच्याकडे संत अंतोनियोचा सण, कापणी संपते; आणि पादोव्हात त्याच संताची सुट्टी. ओरिएत्ता म्हणाली, सणाला येते, तेव्हा काय ते ठरवू. जेलिंदो म्हणाला, आधी जेवू, मग ठरवू. आणि स्वयंपाक मी करणार.

बोलून बसला खरा, पण येतंय काय? शेवटी कुंपणाशी जाऊन शेजारच्या नीव्हेसला विचारलं. नीव्हेस सत्तरीची, जिभेने अजून सोळाची. शतावरी ओव्हनमध्ये घालणाऱ्याला संत माफ करत नाहीत असं आधी सांगून मग तिने सॉस सांगितला. लोणी वितळव, त्यात मैदा परत, दूध थोडं थोडं सोड, हात थांबवू नकोस.

"हात थांबला तर?" जेलिंदोने विचारलं.

"तर गुठळ्या होतील. तुझ्या डोक्यात आहेत तशा."

सॉस सांगितला, चीज सांगितलं, ओव्हन कितीवर ठेवायचा तेही. शतावरीचं काय करायचं हे मात्र सांगितलं नाही. शतावरीवाल्याला शतावरी काय सांगायची?

तेरा तारखेला पहाटे त्याने वर्षाची शेवटची शतावरी काढली. आमच्याकडे घरी नेहमी वाकडे, तुटके कोंब खातात. सरळ आणि जाड ते बाजारात. त्या दिवशी त्याने जाडच घेतले. धुतले, एकेक हळुवार सोलला. सोलता सोलता मन गेलं कुठल्या कुठे. ओल्या कोंबांतून पहाटेसारखा उजेड येतोय असं वाटलं, आणि टेबलापलीकडे इनेस बाह्या दुमडून बसलीय, बोलत नाही, नुसती असते तशी आहे. इकडे हातांनी आपलं काम केलं. बारा-चौदा कोंब एकत्र, बुडं टेबलावर ठोकून सारखी, आणि वाळुंजाच्या झाडाची ओली, लवचिक काडी गुंडाळून, पिळून, गाठ पक्की. पन्नास वर्षांत हाताखालून सुटे कोंब गेलेच नव्हते. मग अख्खी जुडी आडवी भांड्यात, वर सॉस, वर चीज, आणि भांडं ओव्हनमध्ये.

त्यानंतर त्याने स्टूल घेतलं आणि ओव्हनसमोर बसला. चर्चमध्ये सणाची घंटा झाली तरी उठला नाही. काचेआड सॉस हळूहळू फुगायचा, बसायचा, पुन्हा फुगायचा, जणू कुणी गोधडीखाली झोपलंय. दुधालोण्याचा वास घरभर पसरला आणि घर चार महिन्यांनी श्वास घेऊ लागलं. स्वप्नात तो होताच, पण या खेपेस डोळे उघडे ठेवून.

साडेबाराच्या बसने ओरिएत्ता आली. फाटकातच थबकली, वास आईचाच होता. आत येऊन हात धुतले, बसली. जेलिंदोने भांडं टेबलावर आणलं. वरची साय सोनेरी, काठाशी बुडबुडे. तिने चमचा घातला, आणि चमचा अडला. तिने सॉस बाजूला सारला. खाली जुडी, काडीसकट, गाठीसकट, जशी बाजारात जाते तशी. बाहेरचे कोंब जरा मऊ पडलेले, आतले काडीइतकेच कच्चे.

"बाबा," ती म्हणाली, "ही कुणाला पाठवायची होती?"

जेलिंदोने गाठीकडे बघितलं. त्याला सगळं कळलं, आणि तिसरा मजलाही दिसला. मान खाली घालून तो म्हणाला, "तू म्हणतेस ते खरं असेल. माझं लक्ष राहत नाही."

ओरिएत्ताला हसू आवरेना. हसता हसता डोळे पुसले. मग ती ओव्हनशी गेली, बटण पाहिलं. स्टूल पाहिलं.

"गॅस कधी बंद केलात?"

"तू फाटक उघडलंस तेव्हा."

"तोवर इथेच बसला होतात?"

"पाऊण तास. उठलोच नाही. सॉस करतानासुद्धा हात थांबवला नाही. चाखून बघ, गुठळी नाही."

तिने बोटाने चाखलं. गुठळी नव्हती. ती बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत उभी राहिली, अगदी बापासारखी. मग म्हणाली, "विसरणं वेगळं बाबा, आणि न येणं वेगळं. न येणारं शिकवता येतं."

तिने सुरीने काडी कापली, कोंब मोकळे केले, पातेल्यात पाणी ठेवलं. आधी उकडायचं, मग सुटे पसरायचे, मग सॉस. आई असंच करायची, असं सांगत गेली आणि प्रत्येक गोष्ट त्याच्या हातून करवून घेतली. खरपूस साय बाजूला काढून दोघांनी पावाबरोबर खाल्ली, कारण भूक थांबायला तयार नव्हती. जेवायला बसले तेव्हा तीन वाजून गेले होते. कोंब तोंडात विरघळत होते.

शेवटी ओरिएत्ताने पावाने ताट पुसून घेतलं आणि विचारलं, "पुढच्या वर्षी किती वाफे ठेवणार?"

"तू सांग," जेलिंदो म्हणाला.

"निम्मे. आणि दर रविवारी मी येणार, स्वयंपाक तुम्ही करणार."

तो हो म्हणेपर्यंत टेबलावर डोकं टेकून तिला झोप लागली होती. तिची परतीची चारची बस गेली, पाचची गेली. जेलिंदो समोर बसून राहिला. त्याने तिला उठवलं नाही.